फाट्यावरचा डायरेक्टर

कोहमाऱ्याच्या फाट्यावर ज्याचं टायरचं दुकान आहे, त्याला सगळे डायरेक्टर म्हणतात. सिनेमा तर सोडाच, त्याने आजवर कोणाच्या लग्नाची शूटिंगसुद्धा डायरेक्ट केलेली नाही. दुसऱ्यांनी केलेलं दुरुस्त करणे हा त्याचा धंदा. दिवसभर ट्यूब आणि दिवस मावळला की मालिका. त्यातही सासू-सून, हरवलेलं मंगळसूत्र, साहेबाचं लग्न असलं काही त्याला चालत नाही. "त्यात काय पाहाचं? ते तं घरीच आहे," म्हणून तो विषय मिटवतो. त्याला लागतं भूत. आणि भूतही कसं, तर कायद्याने वागणारं.

भूत असतं की नसतं या वादात तो कधी पडला नाही. 2013 साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला, तेव्हा आमच्या रिटायर गुरुजींनी टपरीवर त्याचं कलमवार विवेचन केलं होतं. डायरेक्टरने हातातला पाना बाजूला ठेवून सगळं नीट ऐकलं आणि शेवटी विचारलं, "हे मानसायसाठी झालं जी गुरुजी. भुतासाठी काही कलम?"

मुंबईहून कोलकात्याकडे जाणारा महामार्ग, जुना सहा नंबर, आता 53, आणि गोंदियाहून गोरेगाववरून येऊन नवेगावबांध, अर्जुनी-मोरगावकडे उतरणारा रस्ता, हे दोन्ही कोहमाऱ्याला एकमेकांना कापतात. त्यामुळे इथे गावकऱ्यांपेक्षा वाट पाहणारेच जास्त. कोणाला साकोलीकडे जायचं असतं, कोणाला देवरीला, कोणाची वडशाची गाडी येता येत नसते. तोवर माणूस मावशीच्या टपरीत आलुबोंडा खात बसतो. बाजूला बसलेले दोघे-तिघे खर्रा घोटत असतात. समोर घमेल्यात पाणी घेऊन डायरेक्टर बसलेला असतो, आणि गाडीची वाट पाहणाऱ्याला उठून जाता येत नाही. डायरेक्टरला श्रोते मिळतात ते असे. ट्यूबलेस टायर आल्यापासून त्याच्याकडे विचाराला वेळही भरपूर असतो.

त्याचा आदर्श बेताल. 1985 साली दूरदर्शनवर 'विक्रम और बेताल' लागलं. अरुण गोविल विक्रम, सज्जन बेताल. डायरेक्टर तेव्हा चड्डीत होता आणि दुसऱ्याच्या घरच्या खिडकीच्या गजाला लटकून पाहत होता. त्याचं मत तेव्हाच पक्कं झालं, ते अजून हललेलं नाही. बेताल गोष्ट सांगणार, शेवटी प्रश्न टाकणार. उत्तर येत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं, तोंड उघडलंस तर मी चाललो झाडावर. अट आधी सांगितलेली, आणि एकदा सांगितली की पाळलेली.

"याले म्हनते भूत," डायरेक्टर म्हणतो. "आताचे भुतं पाहा. एक दिवस कडी लावली म्हनून दाराबाहेर उभे रायते, आन् दुसऱ्या दिवशी सीधे भिंतीतून येते. मंग काल काय भिंत नोहती?"

यावर काय बोलणार? मी तरी अजून काही बोललेलो नाही.

त्याच्या आयुष्यातली मोठी तारीख म्हणजे 22 फेब्रुवारी 2016. त्या रात्री साडेदहाला झी मराठीवर 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली. सावंतवाडीकडचं आकेरी, तिथला नाईकांचा वाडा, अण्णा नाईकांच्या मरणाने सुरू झालेली गोष्ट. तिकडे सिंधुदुर्गात काही लोक चिडले. मालिकेने अंधश्रद्धा पसरते, कोकणाची बदनामी होते, असं त्यांचं म्हणणं. राज्याच्या दुसऱ्या टोकाला, आमच्या फाट्यावरही आक्षेप निघाला, पण तो असा की ही मालिका आमच्याकडे का काढली नाही. जंगल आमच्याकडे जास्त, तलाव आमच्याकडे जास्त, अंधार तर विचारूच नका. गुरुजींनी मात्र अडचण सांगितली. नवेगाव-नागझिऱ्याच्या या पट्ट्यात रात्री रस्त्यावर खरा वाघ आडवा येण्याची सोय असल्यामुळे भुताला स्वतःचं वजन पाडायला फार मेहनत पडेल, असं त्यांना वाटतं.

पहिले काही दिवस मालवणी कोणाच्या डोक्यात शिरत नव्हती. गुरुजी दुसऱ्या दिवशी सकाळी अर्थ सांगत. पावसाळा लागेपर्यंत धानाच्या बांधीवरची पोरं एकमेकांना "खंय चल्लास बे?" असं विचारू लागली, त्यातला "बे" एवढाच आपला.

डायरेक्टरचा खरा मोसम सुरू झाला तो जानेवारी 2019 मध्ये, दुसरा भाग आला तेव्हा. हा भाग आधीच्या काळातला. पहिल्यात जे अण्णा मेलेले होते ते यात चांगले धडधाकट, माधव अभ्यंकरांच्या रूपात, मिशीवर हात फिरवत. शेवंता अपूर्वा नेमळेकर. सगळा महाराष्ट्र खूश झाला. डायरेक्टर चहा अर्धा टाकून उठला.

"फसवनूक आहे ही," तो म्हणाला.

"काहून बाबू?" मावशी.

"अवो मावशी, पहिल्या भागात जो जित्ता आहे, तो या भागात मरू शकते काय? नाई. मंग त्याच्यावर कुऱ्हाड उगारली तं मी कायले घाबरू? त्याले तं 2016 पर्यंत ग्यारंटी आहे."

गुरुजींनी मान डोलावली आणि वही उघडली. या वहीविषयी सांगायला हवं. जिल्हा परिषदेच्या शाळेत अख्खी नोकरी हजेरीपटात गेल्यामुळे गुरुजींना माणूस गैरहजर असलेला सहन होत नाही, मग तो पडद्यावरचा का असेना. वहीत डावीकडे पहिला भाग, उजवीकडे दुसरा. कोण कोणापेक्षा केवढा, कोणतं भांडण कोणत्या सणाला, कोणती खोली कधी बंद होती. दोन्हीकडे जमत नसेल तिथे लाल शाईने फुली. या फुल्या घेऊन ते डायरेक्टरशी तास तास बोलत. खरं म्हणजे दोघांचं पटत नाही. गुरुजींना तपशील चुकला की त्रास होतो, डायरेक्टरला स्वभाव चुकला की. शेवंताच्या घराची खिडकी कोणत्या बाजूला होती याच्याशी डायरेक्टरला काही देणंघेणं नाही. पण जो माणूस सकाळी सगळ्या गावाला दमात घेतो, तो संध्याकाळी एवढासा होऊन कसा बसतो, हे त्याला उलगडून पाहिजे. ट्यूब घमेल्यात दाबून तो म्हणतो, "बुडबुडा कुठं येते ते पाहा जी गुरुजी. हवा तिथूनच चालली."

पांडूच्या बाबतीत मात्र दोघांचं एकमत आहे. नाईकांच्या घरचा हा गडी सगळं विसरायचा. ते काम करणारे प्रल्हाद कुडतरकर त्याच मालिकेचे लेखकही. ही माहिती गुरुजींनी पेपरात वाचून आणली, तेव्हा डायरेक्टर इतका हसला की हातातलं सोलुशन सांडलं. "लिवनाराच इसरभोळा! मंग तुमच्या लाल फुल्या त्यालेच पाठवा जी."

तिसरा भाग मार्च 2021 मध्ये लागला. मध्येच शूटिंगबंदी आली, मालिका थांबली, पुन्हा सुरू झाली. त्या वर्षाच्या शेवटाकडे अपूर्वा नेमळेकरांनी मालिका सोडली आणि शेवंता म्हणून कृतिका तुळसकर आल्या. फाट्यावर दोन तट पडले. जुनी शेवंता बरी की नवी, यावर एका कंडक्टरने डबल बेल द्यायची विसरून पाच मिनिटं गाडी उभी ठेवली. डायरेक्टर कोणत्याच तटात नव्हता. त्याचं दुःख वेगळं होतं.

"बाई बदलली याचं मले काई नाई," तो सांगू लागला. "मानूस काम सोडते, दुसरा येते. पन आता शेवंता आहे कोन? भूत! भुताले चेहरा बदलाले कारन लागते काय? एक सीन टाकाचा. आरसा. जुनी शेवंता आरशात पाहाते, आन् आरशातून नवी पाहाते. झालं! अख्ख्या महाराष्ट्राची झोप उडाली असती. फुकटात भेटला होता मौका."

हे त्याचं लाडकं प्रकरण. ते तो कोणालाही ऐकवतो, अगदी पंजाबच्या ट्रक ड्रायव्हरलाही, ज्याने शेवंता पाहिलेली नाही आणि जो फक्त हवा मारायला थांबलेला असतो. पुराव्यासाठी तो 'असंभव'पर्यंत मागे जातो. 2007 ची मालिका, सतीश राजवाड्यांची, पुनर्जन्माची. तिथेही शुभ्रा आधी मानसी साळवी, मग उर्मिला कानेटकर. "पुनर्जन्माच्या मालिकेत चेहरा बदलला, चेहऱ्याच्या मालिकेत पुनर्जन्म झाला, तरी कोनाच्या डोक्यात नाई आलं!" या वाक्याचा दुसरा अर्धा भाग मला अजून कळलेला नाही. पण ते म्हणताना तो पाना उंचावतो, म्हणून सगळे मान हलवतात.

या सगळ्या वादात मावशी बराच काळ कढईशी होती. आलुबोंडे काढता काढता ऐकायची. एका संध्याकाळी शेवंताच्या पोशाखापासून चालण्यापर्यंत सगळ्याचा काथ्याकूट होऊन गेल्यावर ती झारा कढईच्या काठावर आपटून म्हणाली, "तुमी सगरे शेवंता-शेवंता करून रायले. माईचं कोनी बोला."

सगळे तिच्याकडे पाहू लागले. माई म्हणजे अण्णांची बायको, इंदू. घर तिने सांभाळलं, पोरं तिने वाढवली, अण्णांचं सगळं तिने गिळलं.

"माई काय?" डायरेक्टर म्हणाला. "माई तं जित्ती आहे."

"तेच इचारते. आपल्याकडं भूत कोन होते? जिले तरास झाला ते. सासरच्याईनं विहिरीत ढकललं ते, बारतपनात गेली ते. जिचं काई रायलं ते परत येते. आन् इथं? ज्यानं सगऱ्यायले तरास देल्ला तोच मरून बी परत येते, आन् जिनं सोसला ते चूल फुकत रायते. मेल्यावर बी राज्य त्याचंच काय?"

हा मुद्दा फाट्यावर कोणीच आणलेला नव्हता. गुरुजींनी वही उघडली, पण वहीत यासाठी रकाना नव्हता. डायरेक्टर थोडा वेळ ट्यूब फिरवत राहिला. मग म्हणाला की माई भूत झाली असती तर मालिका दोन दिवसांत संपली असती. तिने पहिल्या रात्री अण्णांचा हिशेब केला असता आणि दुसऱ्या रात्री भांडी घासून निघून गेली असती.

"संपू द्या ना," मावशी म्हणाली. "कोनाचं नुकसान आहे?"

हा वाद अजून मिटलेला नाही. वडशाच्या एका बसमध्ये मला दोन अनोळखी बायका माई भूत व्हायला पाहिजे होती की नाही यावर भांडताना दिसल्या होत्या. फाट्यावरून वाद असे गाडीत चढतात आणि कुठे उतरतात, कोणाला ठाऊक.

2022 च्या सप्टेंबरात 'सातव्या मुलीची सातवी मुलगी' आली आणि मावशीने उघड पक्ष घेतला. तितीक्षा तावडेची नेत्रा तिला आवडली. नेत्राला पुढचं दिसतं. डायरेक्टरचा पहिला प्रश्न: दिसतं तर ती सरळ सांगत का नाही? दिसलं सोमवारी, सांगणार पुढच्या शनिवारी, तोवर घरातले सगळे त्याच जिन्यावरून वर-खाली करणार. रूपाली, म्हणजे ऐश्वर्या नारकर, हीच विरोचक, हे आम्हा सगळ्यांना माहीत. बाजारातल्या पोराटोरांना माहीत. घरातल्यांना मात्र पत्ता नाही, आणि सगळे तिच्याच हातचा चहा पिऊन राहिलेत.

"त्याले काय झालं?" मावशी म्हणाली. "तुह्या घरी तुह्या मोठ्या भावाचं काय चाललं होतं, सगऱ्या फाट्याले मालूम होतं. तुले कधी समजलं?"

डायरेक्टरच्या मोठ्या भावाने शेताचा कागद केव्हा करून घेतला, ही जुनी गोष्ट आहे. त्या दिवशी पुढे नेत्रावर चर्चा झाली नाही. कंडक्टरने मात्र जाता जाता आपलं मत नोंदवलं. नेत्राला उद्याचं दिसतं हे ठीकच, पण एसटीत तिला नोकरी द्यावी, म्हणजे निदान आजची गाडी कुठवर आली तेवढं तरी कळेल.

डायरेक्टरचा भाचा गोंदियाला कॉलेजात. सुट्टीत आला की मामाच्या दुकानात मोबाइल घेऊन पडलेला असतो. त्याने एकदा मामाला सांगितलं की अमेरिकेत 'सुपरनॅचरल' नावाची मालिका 2005 पासून 2020 पर्यंत चालली, पंधरा सीझन, 327 भाग. दोन भाऊ, सॅम आणि डीन, गाडीत बसून देशभर हायवेने हिंडतात आणि भुतं-राक्षस मारतात.

"गाडी कोनती?" मामाने विचारलं.

"इम्पाला. 1967 ची. काळी."

"पंधरा वर्सं तेच गाडी?"

"हो मामा."

"टायर किती वेळा बदलले?"

भाच्याला सांगता येईना. डायरेक्टरने त्याला फैलावर घेतला. पंधरा वर्षं हायवे, रात्रीचं चालणं, डिकीत बंदुका आणि मिठाचं ओझं, आणि टायरची गोष्टच नाही? दोन भावांना अर्ध्या रात्री गाडी बाजूला घ्यावी लागते, जॅक लावलेला आहे, एक भाऊ खाली वाकलेला आहे, आणि मागून कोणीतरी येऊन उभं राहतं. हा सीन 327 भागांत एकदाही आला नसेल तर त्या लोकांना हायवे समजलेलाच नाही! मिठाचा विषय मात्र मावशीने उचलून धरला. भुताला अडवायला हे दोघे उंबऱ्यावर मिठाची रेघ ओढतात म्हटल्यावर ती म्हणाली, "मंग? आपन बी पोराची नजर मिठानंच काढतो. तेवढे हुशार आहेत मनाचं."

शेवट सांगताना भाचा चिडला होता. शेवटच्या भागात मोठा भाऊ डीन मरतो. कसा? देवाशी, सैतानाशी झुंजून झाल्यावर एका गोठ्यात रक्तपिपासूंशी साधी मारामारी होते आणि तो खांबातून निघालेल्या लोखंडी सळाखीवर जातो. जगभरचे चाहते वैतागले. भाच्याच्या मते लेखकाने सगळी माती केली. एवढा मोठा माणूस, त्याला मरण असं?

आम्हाला वाटलं, आता डायरेक्टर पाना उचलणार. पण त्याने घमेल्यातून ट्यूब काढली, फडक्याने पुसली, छिद्राभोवती खडूने गोल काढला आणि म्हणाला, "बरोबर केलं."

"मामा!"

"बरोबर केलं म्हनतो ना बे. हायवेवरचा मानूस मोठ्या गोष्टीनं मरत नाई. ते समोरून येनारे दोन ट्रक चुकवते, अन् उभ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीले जाऊन धडकते. मी इथं बसून पायतो. लिवनाऱ्यानं रस्ता पाहिला आहे, तेवढं मानलं त्याले."

भाचा दोन दिवस मामाशी बोलला नाही. टायरचा मुद्दा मात्र डायरेक्टरने मागे घेतलेला नाही.

त्याने स्वतः नाटक लिहावं, ही कल्पना गुरुजींची. झाडीपट्टीत नाटकाची काय वाण? दिवाळी झाली की गावोगाव मंडई, शंकरपट, आणि दिवसा बैल पळाले की रात्री नाटक. जेवणं आटोपून लोक चादरी घेऊन बसतात, दहा-अकराला पडदा वर जातो, तो पहाटेपर्यंत. वडशाला नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, तिथे जाऊन बुकिंग होतं. 2023 साली परशुराम खुणे यांना झाडीपट्टी रंगभूमीसाठी पद्मश्री मिळाली, तेव्हापासून तर फाट्यावरचा प्रत्येक बोलका माणूस स्वतःकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू लागला आहे. गुरुजी म्हणाले, "तुम्ही एवढं दुसऱ्याचं सुधारता, आपलंच लिहा ना. दूरदेशीच्या लेखकाला तुमचं ऐकू येत नाही. इथला प्रेक्षक मात्र तुमच्यासमोर चादरीवर बसलेला असेल."

डायरेक्टरने शंभर पानी वही आणली. पहिल्या पानावर 'श्री' लिहिलं. त्याखाली महिना झाला तरी काही येईना. कारण साधं होतं. कोऱ्या कागदात चूक कुठून काढणार?

तेव्हा भाच्याने लिहायचं आणि मामाने दुरुस्त करायचं, असं ठरलं. भाच्याने एका रात्रीत पहिला अंक मारला. जुना वाडा. मागे विहीर. नवरा परगावी. घरात सून, तिचं शाळेत जाणारं पोरगं आणि खाटेवरची सासू. मध्यरात्री विहिरीकडून सुनेला हाक येते. ती कंदील घेऊन निघते. पुढे तीन अंक रक्त, मांत्रिक, दोन लावण्या आणि एक विनोदी हवालदार.

डायरेक्टर लाल पेन घेऊन बसला.

सून मध्यरात्री विहिरीवर कशाला जाईल? घरात नळ आहे. काट. हाक आली तर ती आधी सासूला उठवेल. सासू म्हणेल, ओ देऊ नको. ती देणार नाही. काट. कंदील कुठून आला? मोबाइलला टॉर्च असतो. नवऱ्याला फोन लागेल. नवरा म्हणेल, उद्या सकाळची गाडी धर आणि माहेरी जा. ती जाईल. कोणतीही बाई जाईल. मांत्रिक आला तर गुरुजी त्याला 2013 चा कायदा दाखवतील आणि डुग्गीपारच्या ठाण्यात फोन करतील. मांत्रिकाचा अंक गेला. हवालदाराला काम उरलं नाही. शेवटी विहिरीवर लोखंडी जाळी बसवून घेतली की झालं.

दुरुस्त नाटक साडेचार पानांचं झालं. त्यात प्रत्येक माणूस शहाण्यासारखा वागला होता, कोणाचा स्वभाव कुठे तुटत नव्हता, आणि गुरुजींना लाल फुली मारायला जागा सापडली नाही. ते घेऊन डायरेक्टर इस्त्रीचा शर्ट घालून वडशाला गेला. तिथे काय झालं ते बरोबर गेलेल्या भाच्याने मागून सांगितलं.

कंपनीच्या मालकाने साडेचार पानं उभ्या-उभ्या वाचली. मग उलटून पाहिली.

"पहिला अंक झाला. बाकी कुठं आहे?"

"एवढंच आहे जी."

"अन् भूत?"

"भुताले संधीच नाई भेटली."

मालक खुर्चीवर बसला. "पब्लिक थंडीत रातभर बसाले येते भाऊ. तिकीट काढून येते. वीस मिनिटात पडदा पाडला तं ते घरी जाऊन काय करन? पहिले मले मारन." पानं परत देताना त्याने एवढंच विचारलं, "दोन लावण्या तरी कुठं बसवू ते सांगा."

डायरेक्टर परत आला तो खचलेला वगैरे मुळीच नव्हता. उलट त्याला नवा विषय मिळाला होता. प्रेक्षकालाच अक्कल नाही, त्याला मूर्ख माणसं पाहायची सवय लावून ठेवली आहे, त्यामुळे लेखकांची चलती आहे, वगैरे. हे तीन-चार संध्याकाळी चाललं. साडेचार पानं टपरीवर हातोहात फिरली, त्यांना तेलाचे डाग पडले. शेवटी मावशीनेच ती तळणाच्या कागदातून वेगळी काढली आणि चष्मा लावून वाचली.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "एकच कर. सून पोराले घेऊन सकारच्या गाडीनं माहेरी निंगाली ना?"

"निंगाली."

"पोराचं दप्तर वाड्यात रायलं. उद्या त्याची परीक्षा. दिवस बुडाले आला. ते फाट्यावरून परत फिरते. बस्. आता येऊ दे तुह्या भुताले."

गुरुजी "वा!" म्हणाले. भाचा उठून बसला. चहाला थांबलेला एक म्हातारा नवेगावबांधची बस समोर लागलेली असूनही जागचा हलला नाही आणि "मंग काय होते?" विचारू लागला. डायरेक्टरने मात्र मान हलवली.

"जमत नाई मावशी. आई पोराचं दप्तर इसरन काय? परीक्षा आहे अन् इसरन? लिवनाऱ्याची सोय आहे ही."

"मानूस इसरत नाई?"

"एवढं नाई इसरत."

"परवा त्या रायपूरच्या ट्रकचं चाक बसवून नट कसाले कोन इसरलं होतं? दोन किलोमीटरवरून शिव्या देत आला होता ना बिचारा वापस?"

म्हातारा हसला. भाच्याने मोबाइलमध्ये डोकं घातलं. डायरेक्टर जराही गडबडला नाही.

"ते येगळं आहे मावशी," तो म्हणाला. "ते खरंच झालं होतं. नाटकात असं चालत नाई."